ताटावर थांबलेला हात

आईला माझ्या घरी जेवताना मी एकदाच पाहिलं. त्याआधी ती यायची, पण पाणीसुद्धा पिशवीतल्या तांब्यातलं प्यायची. मी ख्रिस्ती झालो म्हणून. 'बाटलेल्याचं घर' हा शब्द तिचा नव्हता, दादाचा होता. पण ती राहायची दादाकडे, नदीच्या घाटामागच्या गल्लीत. महाराष्ट्रातले यजमान तिथे उतरतात आणि दादा त्यांची श्राद्धं चालवतो. मला भिक्षुकी करायची नव्हती. चौकात दुकानांच्या पायऱ्या झिजवून मी साड्यांचा धंदा उभा केला. त्यात दादाचा हात कुठेही नाही.

येशूकडे आधी बायको गेली. मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा शेजारच्या शिक्षिका रोज येऊन तिच्या उशाशी प्रार्थना करत. मुलगी बरी झाली आणि बायको रविवारी त्यांच्याबरोबर चर्चला जायला लागली. मी पादरीबाबांशी भांडायलाच गेलो. विचारलं, "बदले में क्या लेंगे?" ते म्हणाले, "कुछ नहीं." जन्मभर मोलभाव केलेला माणूस मी. फुकटची वस्तू हातात आली की आधी कुठे विरली आहे ते शोधतो. बरेच महिने उलटून पालटून पाहिलं. विरलेलं काही सापडलं नाही.

घरात फरक पडला तो जेवणाच्या वेळी. आमच्याकडे बायकांनी मागाहून जेवायचं, ही पिढ्यांची रीत. पण प्रार्थना सगळ्यांनी मिळून करायची, म्हणून बायको गॅस बंद करून येईपर्यंत मला ताटापुढे थांबावं लागायचं. भुकेला मी आणखीच तापट. ओरडलोच, "देव ऐकतो आहे, तू पोळ्या लाट!"

"देव ऐकेल हो, पण मी कुठे असेन?" ती आतून म्हणाली.

मग थांबायची सवय लागली. आमेन म्हटल्यावर लगेच आमटी खारट म्हणून खेकसता येत नाही. तोंड तेच असतं. घरातला आरडाओरडा हळूहळू निवला. मुलगी जेवताना बोलायला लागली.

आई हे सगळं दाराजवळच्या खुर्चीतून बघायची. एके दुपारी म्हणाली, "काय रे, हिची वाट बघतोस?"

"हो."

"पोळी गार नाही होत?"

"ती आल्यावर सगळ्यांनाच गरम मिळते, आई."

तिने तांब्याची पिशवी खुर्चीखाली सारली. मग एकदम उठून पाटावर आली. "वाढ गं मला पण." तिने ताटाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातली, आम्ही डोळे मिटून आमची प्रार्थना केली. तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "गरम भात कसा लागतो, विसरलेच होते मी."

ती घरी गेली आणि तिने कुणाला न विचारता एक गोष्ट केली. दादाकडे यजमानांची पंगत बसलेली असताना तीही पाटावर जाऊन बसली आणि ताटावर हात धरून थांबली. वहिनीला म्हणाली, "तूही बस. मग सुरू करू."

दुसऱ्या दिवशी दादा माझ्या दुकानात आला. गिऱ्हाईक समोर होतं.

"आईला काय शिकवलंस?"

"गरम जेवायला."

"यजमान उठून गेले तर तू पोसणार आहेस का आम्हाला?"

"पोसतो. आईला माझ्याकडे पाठव."

"भाव करतोस? आईचा?"

मी हातातला कापड मोजायचा गज भिंतीवर फेकला. गिऱ्हाईक गेलं, दादा गेला, आणि आईचं येणंही थांबलं. तिचे गुडघे दुखतात, असं मला सांगण्यात आलं. भेटायला गेलो तर दाराशीच दोन शब्द. दादा आतून खाकरायचा. ती विचारायची, "थांबतोस ना अजून हिच्यासाठी?" तिला पुन्हा एकदा माझ्या घरी जेवायला आणायचं, एवढंच मला हवं होतं. थंडीत ती गेली. मला निरोप आला तेव्हा तिरडी बांधून झाली होती. दादाने खांदा देऊ दिला नाही. मी मागून चालत घाटापर्यंत गेलो.

तेराव्याला माझं पान उंबरठ्याबाहेर मांडलं होतं. वहिनी वाढायला आली आणि वाकून हळूच म्हणाली, "भावजी, त्या दिवसानंतर सासूबाई आणि मी स्वयंपाकघरातच बसायचो. पंगत उठल्यावर. मी बसेपर्यंत त्या घास घ्यायच्या नाहीत."

माझ्याच्याने ते पान संपलं नाही.

आता रोज प्रार्थनेत एक जागा येते, जिथे आपण इतरांना क्षमा केली असं म्हणायचं असतं. तिथे माझी जीभ अडते. देऊ न दिलेला खांदा आठवतो, उंबरठ्याबाहेरचं पान आठवतं. मुलगी एक डोळा उघडून माझ्याकडे बघते. भात निवत जातो. बायको पुढे म्हणत नाही, मला म्हण असंही सांगत नाही. ताटावर हात धरून ती थांबून राहते.