ओढलेला हँडब्रेक

या सदरात लिहिणारे बहुतेक जण आधी सांगतात की त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. मी ते वाक्य आलं की पान उलटायचो. एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. असल्या गोष्टींची पुस्तकं कपाटात लावली, रजिस्टरात नोंदवली, मुलांना दिली, पण स्वतःच्या घरी कधी नेली नाहीत. आज तेच वाक्य मला लिहावं लागतंय. फरक एवढाच, की "नव्हता" म्हणणाऱ्यांचा पुढे बसतो. माझा अजूनही बसलेला नाही... आणि तरी जे झालं ते झालं.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमची जुनी कॉलनी आहे. फाटकाच्या आत सिमेंट केलेली सपाट जागा, एक गाडी मावेल एवढी. फाटकाबाहेरचा रस्ता मात्र चांगलाच चढाचा. पाण्याची बाटली हातातून सुटली तर खालच्या वळणावरच्या भिंतीपाशी जाऊन सापडते.

माझी बायको सुनंदा शाळेत गणित शिकवायची. आम्हाला मूलबाळ नाही. गाडी तिची होती आणि चालवायचीही तीच. तिचे वडील मिलिटरीत ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यांना सगळे आबा म्हणतात. सांगलीजवळ कृष्णाकाठी त्यांचं गाव. मुलगी कॉलेजात असतानाच त्यांनी तिला जीप शिकवली होती. मी आपला डावीकडच्या सीटवर पुस्तक घेऊन बसायचो आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

मग तिला कॅन्सर निघाला. दवाखान्यातून येताना तिला चालवणं जमेना, तेव्हा तिनंच मला शिकवायला घेतलं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी क्लच म्हणजे काय ते शिकलो. चालवण्यापेक्षा गाडी लावण्यावर तिचा जास्त कटाक्ष. आधी पायाचा ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवायची. मग हँडब्रेक. मग इंजिन बंद करून गियर टाकायचा. तोंड चढाला असेल तर पहिला, उताराला असेल तर रिव्हर्स. चढावर लावली असेल तर उतरून चाकामागे दगड. "जनावर दाव्याला बांधल्याशिवाय घरात जायचं नाही," हे आबांचं वाक्य ती ऐकवायची.

मी नेमका हँडब्रेक विसरायचो. मग ती डावीकडून हात लांब करून तो ओढायची, अगदी शेवटच्या दातापर्यंत, कर्रर्र आवाज करत. इतका वर, की पुन्हा सोडवताना मला दोन्ही हात लावावे लागायचे.

"अहो, पुस्तक मिटताना खूण ठेवता ना? मग इथंच कसं विसरता?"

"पुस्तक उतारावरून पळत नाही," मी म्हणायचो.

शेवटच्या दोन महिन्यांत मी एक चूक केली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आबा फोन करायचे तेव्हा मी "अशक्तपणा आहे, सुधारेल" असंच सांगत राहिलो. ऐंशीच्या घरातला माणूस, बायको आधीच गेलेली, उगाच कशाला घोर... असं मला वाटायचं. सुनंदा म्हणायची, आबांना बोलवा. मी म्हणायचो, हा डोस होऊ दे. दिवाळीनंतर ती गेली. आबा पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलेलं होतं. ते तिच्या पायाशी बसले आणि त्यांनी मला विचारलं, "बोलत हुती का शेवटाला?"

"परवापर्यंत बोलत होती," मी म्हणालो.

"मंग मला परवा का न्हाई बोलिवलं?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी करत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आता घडलं ते.

महिना-दीड महिन्यानं मी गाडी बाहेर काढली. कोरेगावला एका नातेवाइकाकडे जाऊन दुपारी परत आलो, गाडी आत लावली, घरात येऊन चहा टाकला आणि आठवलं – हँडब्रेक राहिला. पहिला गियर टाकल्याचं लक्षात होतं, हँडब्रेक ओढल्याचं नाही. चहा तसाच ठेवून बाहेर गेलो. कुलूप उघडलं. हँडब्रेक ओढलेला होता, शेवटच्या दातापर्यंत. सोडवायला दोन्ही हात लागले.

मी स्वतःला सांगितलं, हाताला सवय लागली असेल. दुसऱ्या वेळीही तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम हँडब्रेक खाली ठेवला, नीट पाहून घेतला, चारी दारं लावली, किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो. सकाळचे दहा वाजले असतील. लख्ख ऊन. गाडीजवळ कोणी आलं नाही, मांजरसुद्धा नाही. वीसेक मिनिटं गेली असतील... बंद काचांच्या आतून कर्रर्र असा आवाज आला. फार मोठा नाही. मला ओळखू येण्यापुरता.

मी उठलो नाही. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मी खुर्चीत बसून रडलो, इतकंच.

त्यानंतर पाच आठवडे हे चालू होतं. रोज नाही. मी वहीत लिहून ठेवायचो – कधी लावली, कधी पाहिली, वर होता की खाली. वही अजून आहे. एका मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यानं केबल तपासली आणि म्हणाला, "सर, हँडब्रेक आपोआप सैल पडू शकतो. आपोआप आवळत नाही."

मी हे कोणालाच सांगितलं नसतं. पण आबांचा फोन यायचा. दर रविवारी. जेवलात का, पाणी येतं का, एवढंच बोलायचे. एका रविवारी बोलता बोलता ते थांबले आणि म्हणाले, "सपनात बी येत न्हाई ओ ती माज्या. तुमच्या येती का?"

मी सांगून टाकलं. सगळं.  त्यांनी एवढंच विचारलं, "कवा येऊ?"

मला वाटलं, जी भेट मी होऊ दिली नाही ती आता करून देता येईल. मला खरंच तसं वाटलं.

ते दुसऱ्याच दिवशी एसटीनं आले. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, हातात काठी आणि पिशवीत तिला आवडणाऱ्या शेंगदाण्याच्या पोळ्या. स्टँडबाहेर मी लावलेली गाडी त्यांनी लांबूनच पाहिली.

"पावणं, गाडी लावलीया का टाकून दिलीया? मिल्ट्रीत आसता तर सायबानं तिच्याभवती धा चकरा पळीवलं आसतं."

सुनंदा गेल्यानंतर त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होतो.

घरी आल्यावर गाडी सपाट जागेत लावली, हँडब्रेक खाली ठेवला आणि आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आबा खुर्चीवरून उठेनात. जेवणाचं ताट तिथंच मागवलं. मी म्हणालो, "रोज होतंच असं नाही, आबा." ते म्हणाले, "मी हाय की. मला कुटं जायाचंय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच कारण शोधलं.

"सपाटीला कशापायी वडंल ती? तिला ठावं हाय, हितं गाडी जागची हलत न्हाई. मीच शिकिवलंय तिला. भाईर चढाला लावा."

मी गाडी बाहेर काढून चढाला तोंड करून लावली. त्यांनी मागच्या चाकाखाली स्वतः दगड बसवला, तो हलवून पाहिला, मग मला म्हणाले, आता न्यूट्रल करा आणि हँडब्रेक सोडा. गाडी बोटभर मागे आली आणि दगडावर टेकली. मी कुलूप लावलं. आम्ही समोरच्या कठड्यावर बसलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तासभर गेला. आबा काचेतून आत बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो.

"पावणं," ते एकदम म्हणाले, "दगुड हाय म्हून ती येत न्हाई."

मला अर्थ कळेपर्यंत ते उठले होते. त्यांनी टाचेनं दगडाला एक ढुसणी दिली, दुसरी दिली. तिसरीला दगड निसटला.

गाडी मागे सरकू लागली. अगदी सावकाश. आबांनी डावीकडच्या खिडकीच्या कडेला हात लावला आणि ते गाडीबरोबर चालू लागले, तोंड काचेला लावून. ओरडत नव्हते. शाळेत निघालेल्या लेकराशी बोलावं तसं बोलत होते. "वड गं बाय... वड. मी आलोय न्हवं? आबा आलाय. वड बिरेक."

गाडीनं वेग घेतला. त्यांची काठी पडली. त्यांचा पाय अडखळला आणि ते गुडघ्यावर आले. चाक त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेलं. मी किल्लीचं बटण दाबत पलीकडून धावलो. दार उघडलं, अर्धा आत पडलो आणि हँडब्रेक जिवाच्या आकांतानं ओढला. गाडी वळणावरच्या भिंतीच्या अलीकडे तीन-चार हातांवर थांबली.

मी धावत आबांकडे आलो. गुडघा फुटला होता, धोतराला रक्त लागलं होतं. मी त्यांना उठवायला हात दिला. त्यांनी तो धरला नाही. खाली बसूनच माझ्याकडे पाहिलं.

"तुमी का वडला?"

"आबा, गाडी भिंतीवर गेली असती... तुम्ही चाकाखाली..."

"ती वडणार हुती. आजून दोन हात जाऊ दिली आसती तर तिनं वडला आसता." मग हळूच म्हणाले, "तुमी परत्येक येळी मधीच का येता, ओ?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते गेले. मी सांगलीपर्यंत सोडतो म्हणालो. गाडीकडे न बघता ते म्हणाले, "नगं." पोळ्यांची पिशवी टेबलावर तशीच होती.

त्या दुपारपासून हँडब्रेक एकदाही ओढला गेलेला नाही. मी खाली ठेवतो, तो खालीच राहतो. वहीतली पुढची पानं "खाली", "खाली" अशीच आहेत. ते का सुरू झालं हे मला माहीत नाही, आणि नेमकं ज्याला हवं होतं त्याच्यासमोर एकदाही का झालं नाही, हे तर त्याहून नाही. केबल, उतार, माझं डोकं... सगळी कारणं मी लावून पाहिली. एकही बसत नाही.

आबांचा रविवारचा फोन आता येत नाही. मी केला तर त्यांचा पुतण्या उचलतो. म्हणतो, बरे आहेत, पण कोणाशी बोलत नाहीत, दिवसभर ओट्यावर बसून असतात. मला त्यांना एकच वाक्य सांगायचं आहे – आबा, तिनं ओढला नसता, गाडी भिंतीवरच गेली असती. ते ऐकून त्यांची सुटका होईल. दुसरा कोणीही माणूस हे त्यांना सहज सांगू शकला असता. पण व्हरांड्यात बसून तो आवाज मी माझ्या कानांनी ऐकलाय. मी ते वाक्य कोणत्या तोंडानं म्हणू?