तुरटी आणि करवंटी

आमच्या घरात माणसं नळाचं पाणी पितात आणि मासे जारचं. हे ऐकलं की पाहुणे आधी हसतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. त्यालाही ते आवडतं. मुद्दाम पाण्याचा ग्लास उचलून तो म्हणतो, आमचं काय, आमी साधी माणसं.

दोष माझा नाही, परभणीच्या पाण्याचा आहे. ते जड आहे. डाळ शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात, तोट्यांवर पांढरे खडे धरतात. आणि मी पाळलेले मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातल्या ओढ्यांचे. तिथं पावसाचं पाणी कुजक्या पानांतून झिरपत येतं, हलकं आणि कोऱ्या चहासारखं तांबूस. ड्वार्फ सिक्लिड म्हणतात त्यांना. नर अंगठ्याएवढा, मादी त्याहून बारीक. नराचा थाट मोठा, पाठीवर तुरा आणि शेपटीला केशरी ठिपके. मादी एरवी मळकट रंगाची, पण अंडी घातली की हळद लागल्यासारखी पिवळीधमक होते आणि त्या थाटाच्या नवऱ्याला टाकीच्या कोपऱ्यात पिटाळून लावते. पिल्लं मोठी होईपर्यंत त्याला जवळ फिरकू देत नाही. आमच्या ह्यांना त्या नराबद्दल फार आपुलकी आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. पाण्याचा आंबटपणा मोजायचं यंत्र हाताशी असतं, आणि मैदानावरच्या देशी बदामाची वाळली पानं शिपाई माझ्यासाठी पोत्यात भरून ठेवतो. ती उकळून टाकीत घातली की पाण्याला तो जंगली रंग येतो. मादीला अंडी घालायला अंधारी गुहा लागते. त्यासाठी मी शनिवारी मारुतीच्या देवळातून नारळाच्या करवंट्या आणते. पुजाऱ्यांनी एकदा विचारलं, एवढ्या करवंट्यांचं काय करता? मी म्हटलं, बाळंतिणीची खोली. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

हे सगळं खरं तर एका गृहस्थांमुळे सुरू झालं. मासे पाळणाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपात ते सगळ्यांचे गुरुजी. राहतात कोकणात, जिथं विहिरीतून बादली काढली की मऊ पाणी येतं. मी पहिली जोडी आणली तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत लिहिलं, "ताई, मराठवाड्याच्या पाण्यात हे मासे जगतील, पण पिल्लं होणार नाहीत. हौस असेल तर गप्पी पाळा." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? आणि गप्पी! डासांसाठी गटारीत सोडतात ते. माझ्या नाकावर राग कायमचाच असतो, त्या दिवशी तो डोक्यात गेला. पिवळ्या आईचा पिल्लांसकट फोटो काढीन आणि ह्याच ग्रुपात टाकीन, असं मी मनाशी ठरवलं. जुना का होईना, एक चांगला कॅमेराही घेतला.

पहिल्या वेळी अंड्यांना बुरशी लागली. दुसऱ्या वेळी बापानंच फराळ केला. तिसऱ्या वेळी सगळं व्यवस्थित होतं, तर मीच फोटोच्या घाईत करवंटीच्या तोंडाशी फ्लॅश मारला. मादी दचकली आणि तिनं एक एक करून सगळी अंडी खाऊन टाकली. तिसऱ्या वेळचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा बुरशीच सांगितली.

चौथ्या वेळी मी कॅमेरा कपाटात कुलूप लावून ठेवला. बापाला उचलून दुसऱ्या टाकीत टाकला. आठ-नऊ दिवसांनी करवंटीतून मादी बाहेर आली, आणि तिच्यामागे टाचणीच्या डोक्याएवढ्या डोळ्यांची पन्नास-साठ पिल्लं. मी तिथंच जमिनीवर बसले. मला इतका आनंद माझ्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. पिल्लं अजून काचेसारखी आरपार दिसत होती. आठवडाभरात त्यांच्या अंगावर रंग धरला असता, आणि मग फोटो.

नेमके त्याच आठवड्यात सासरे पेडगावहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले. आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो. नवरा सहा महिन्यांपासून त्यांच्या मागे लागला होता, पण मामांचं एकच, पोळा झाल्याशिवाय डोळा नाही. बैलांची मिरवणूक झाली, दुसऱ्या दिवशी डोळा दाखवला आणि ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि बजावलं, डोळ्यात पाणी नको, धूळ नको, वजन उचलायचं नाही, आणि दिवसातून सहा वेळा थेंब.

थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. तोवर मामांचं आणि माझं बोलणं चहा घेता का, जेवलात का, एवढंच. लग्नाला बारा वर्षं झाली तरी आम्ही दोघं एकमेकांना जरा बिचकूनच होतो. पण थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं, आणि खुर्ची टाकीजवळच होती, म्हणून मी त्यांना माशांबद्दल सांगत बसायची. ह्यांना कुठलं पाणी लागतं, ते मूळचे कुठले, त्यांच्या मुलखात आभाळातून पडलेलं पाणीच कसं पानांत मुरून येतं. मामा हूं हूं करायचे. मला वाटायचं, पेंगतायत. एकदा फक्त विचारलं, "ह्या खायच्या कधी?" खायच्या नसतात म्हटल्यावर त्यांनी विषयच सोडून दिला.

पाचव्या दिवशी मी कॉलेजातून घरी आले तर टाकी चकाकत होती. पाणी इतकं नितळ की मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. तळाला पांढरी साय बसली होती. मामा शेजारी उभे, बाही कोपरापर्यंत ओली, चेहऱ्यावर हसू.

"बघ," ते म्हणाले, "कसं काचंवानी झालंय. तुला सवड न्हाई कामातून, म्हणलं आपुन करावं."

त्यांच्या हातात दोऱ्याला बांधलेला तुरटीचा खडा होता.

काय घडलं ते मला नंतर उमगलं. मोतीबिंदूच्या डोळ्याला सगळं जगच पिवळट दिसतं, त्यामुळे आधी त्यांना टाकीचं पाणी वेगळं वाटलंच नाही. नवा डोळा आला तसं भिंती पांढऱ्या झाल्या, आभाळ निळं झालं, आणि सुनेच्या टाकीतलं पाणी मात्र गढूळ. चार दिवस त्यांना वाईट वाटत राहिलं. गावाकडे रांजणात गढूळ पाणी आलं की तुरटी फिरवायची, हे त्यांनी जन्मभर केलेलं. तसंच इथंही केलं, मनापासून, अगदी टाकीच्या चारही कोपऱ्यांत.

पण तुरटीनं पाणी एकाएकी आंबट होतं आणि माशांचे कल्ले भाजून निघतात. एवढ्याशा पिल्लांना ते सोसत नाही. मी वाकून पाहिलं तर एकही पिल्लू पोहताना दिसेना. तळाच्या सायीत बारीक पांढरे ठिपके पडले होते. मादी करवंटीच्या तोंडाशी, रंग उडालेली, कल्ले भराभर हलवत.

"मामा, कुणी सांगितलं होतं तुम्हाला हात घालायला?" मी ओरडले. "मारून टाकलीत तुम्ही सगळी."

असं मी सासऱ्यांशी कधी बोलले नव्हते. त्यांचं हसू तसंच राहून गेलं, चेहऱ्यावर ते कुठं ठेवावं हे न कळल्यासारखं. पण मला बघत बसायला वेळ नव्हता. घरात जार होता तो अर्धाच. जारवाल्याला फोन केला तर त्याची मोटार जळालेली, उद्या संध्याकाळपर्यंत पाणी नाही. मी दुधाचं मोठं पातेलं काढलं, त्यात ते अर्धा जार पाणी ओतलं, आणि मादीला जाळीत धरायला गेले. ती करवंटी सोडेना. आत शिरून बसली. शेवटी मी करवंटीच तिच्यासकट उचलून पातेल्यात ठेवली. हे सगळं झाल्यावर मागे वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी होती. तुरटीचा खडा खिडकीत नीट ठेवलेला.

मला वाटलं, गच्चीवर गेले असतील. चारचे थेंब घालायला हाक मारली तर उत्तर नाही. फोन घरातच चार्जिंगला. चपला नव्हत्या. नवरा आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, ओरडल्याचंही. तो तसाच गाडी घेऊन बसस्टँडवर गेला. मी दारात उभी राहिले. माशांचं मी विसरले असं म्हटलं तर खोटं होईल, पण आता मला त्या डोळ्याची जास्त भीती वाटत होती. रस्त्यावर धूळ, डोळ्यात थेंब नाहीत, आणि म्हातारा माणूस माझ्या बोलण्यानं घराबाहेर पडलेला. आणि मी कोण मोठी लागून गेले होते? तिसऱ्या वेळची अंडी तर मीच घालवली होती. मला तेव्हा कुणी ओरडलं नव्हतं, कारण मी कुणाला कळूच दिलं नव्हतं.

दिवेलागणीच्या सुमारास दारात एक जीप थांबली. पुढच्या सीटवर काळा चष्मा लावून मामा, मांडीवर घडी घातलेली घोंगडी. ड्रायव्हर आणि कुणीतरी एक प्रवासी मिळून मागून दोन मोठे कॅन उतरवत होते. मामा खाली उतरून, हात पाठीमागे बांधून, हळू ठेवा, हळू ठेवा, असं त्यांना सांगत होते.

"मामा, डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हटलंय ना?" मी पुढे होत म्हटलं.

"मी कुठं उचललं?" ते म्हणाले. "दुसऱ्याला उचलाया लावू नका असं न्हाई म्हणलं डॉक्टरनं."

ते पेडगावला आखाड्यावर जाऊन आले होते. शेतातल्या त्या घराच्या पत्र्याखाली ते एक टाकी भरून ठेवतात, पावसाचं पाणी, फवारणीला आणि बैलांना. "तूच म्हणलीस ना आभाळातलं पाणी लागतंय. माझ्यापाशी भरून पडलंय की. मी रुसून न्हाई गेलो, पाणी आणाया गेलतो." मला आधी कॅनचा वास घ्यावासा वाटला. फवारणीचे असते तर संपलंच होतं. ते त्यांनी ओळखलं आणि म्हणाले, लग्नात प्यायच्या पाण्याला आणलेले हायत, तीनदा विसळलेत.

मी आधी त्यांचे हात धुतले, खुर्चीत बसवून थेंब घातले. त्यांनी डोळे मिटल्यावर बोलणं सोपं गेलं. म्हटलं, "मामा, मी तसं ओरडायला नको होतं. चुकलं माझं."

"वरडलीस म्हणून तर कळलं मला," ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.

मग मी त्यांना फ्लॅशची गोष्ट सांगितली. नवरा तोवर परत आला होता, त्यानंही ऐकली. बुरशी होती ना, असं विचारून तो आत निघून गेला, आणि आतून त्याच्या हसण्याचा आवाज आला.

टाकी रिकामी करून, घासून, पेडगावचं पाणी पातेल्यातलं थोडं जारचं मिसळून भरलं. बदामाची पानं घातली. पातेल्यातली करवंटी मादीसकट हलकेच पुन्हा टाकीत ठेवली. सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा मामांची हाक आली. ते खुर्ची टाकीला टेकवून बसले होते, काळा चष्मा कपाळावर सरकवलेला.

"पिल्लं हायत," ते म्हणाले.

मी म्हटलं, मामा, पानांचा चुरा असेल. ते म्हणाले, चुरा आईच्या मागं फिरत न्हाई. मी माझा चष्मा पुसला, बॅटरी आणली, तेव्हा कुठं मला दिसली. करवंटीच्या तोंडाशी आई, पुन्हा पिवळी होऊ लागलेली, आणि तिच्या पोटाखाली अकरा पिल्लं. पाणी बिघडलं तेव्हा जेवढी जवळ होती तेवढी आत घेऊन ती दाराशी बसली होती. ती करवंटी का सोडत नव्हती ते मला तेव्हा कळलं. मी रडले. मामांनी पुन्हा पुन्हा अकरा मोजले, बोटानं दाखवून.

दहा दिवसांनी फोटो काढला. काचेत माझंच प्रतिबिंब पडायचं, म्हणून मामा माझ्यामागे घोंगडी धरून उभे राहिले. एकदाही हलले नाहीत. पिवळी आई, तिच्याभोवती अकरा पिल्लं, मागे करवंटी. फोटो ग्रुपात टाकला. कोकणातल्या गुरुजींनी अर्ध्या तासानं लिहिलं, "अभिनंदन ताई. पाणी कुठलं वापरलंत?" मी आंबटपणाचे आकडे टाइप केले, मग पुसले आणि लिहिलं, "सासऱ्यांनी आणलेलं."

मामांना ते वाचून दाखवलं. त्यांनी थेंबांची बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "तुरटीचं लिवलं का?"

"नाही लिहिलं."

"लिव. इकडं समदीच फिरवतेत तुरटी. दुसऱ्या कुणाची मरायला नको." आणि थेंबांसाठी मान मागे टाकत म्हणाले, "माझं नाव तेवढं टाकू नको."

सगळं लिहिलंय, मामा. नाव टाकलेलं नाही.