शाळेची दुसरी झड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शाळेला झड बांधली. झड म्हणजे गवत आणि बांबूच्या कामट्यांचा पडदा. पाटणच्या वर आमच्या डोंगरात पाऊस आडवा मारतो, म्हणून मे महिन्यात जो तो आपल्या घराच्या भिंतीला झड बांधतो. शाळेला कोण बांधणार? शाळा सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. म्हणून आम्ही म्हातारा-म्हातारी बांधायचो.

हे काम एकट्याचं नाही. एकानं बाहेरून झड दाबून धरायची आणि खिडकीच्या गजांतून सुतळी आत सारायची. दुसऱ्यानं आत उभं राहून ती गजाला वेढून परत बाहेर द्यायची. मी बाहेर, ती आत.

"आवं, सुतळी देताय का झोपलाय?"

"देतोय की. आंधळी हाईस का?"

"आंधळीच असणार. न्हाईतर तुमच्यासंगं लगीन केलं असतं व्हय?"

खिडक्या दोन, झडी दोन. एक बांधून झाली. दुसरी उद्या बांधू म्हणाली, भात टाकायचा होता तिला. मी गवताचा पसारा आवरून घरी गेलो तर भात करपल्याचा वास, आणि ही चुलीजवळ आडवी. हाक मारली. हलवली. संपलं होतं.

आता ही शाळा कशी झाली ते सांगतो, म्हणजे माझ्या तोंडात शिव्या का येतात ते कळेल. आधी पोरं देवळात बसायची. मग शहरातली मोठी माणसं आली. आमचं गाव दुर्गम आहे हे मला त्यांच्याकडून कळलं. आम्ही आपलं लांब म्हणायचो. त्यांनी शाळा बांधून द्यायची ठरवली. गाडी ओढ्यापर्यंत यायची, तिथून वर वाळू, सिमेंट, विटा सगळं डोक्यावर. गावातले बाप्ये पारावर बसून शाळेला कुणाच्या आज्याचं नाव द्यायचं यावर भांडत होते. वाळू बायकांनी वाहिली. माझ्या बायकोनं स्लॅब पडेपर्यंत वाहिली. तिचा अंगठा होता, मी चौथीपर्यंत गेलेला. आमच्या घरात विद्या एवढीच.

खिडक्या ठेवल्या पावसाच्या तोंडाला, चांगल्या दाराएवढ्या. का, तर तिथून कोयनेचं पाणी दिसतं. पोरांना निसर्ग दिसला पाहिजे म्हणे. अरे, पोरं शेळ्या हाकत निसर्गातनंच येतात की.

उद्घाटनाला एकजण भाषण करताना रडला. मंडपाच्या सावलीत उभा राहून रडत होता गडी. आणि ज्या बायकांच्या टाळूचे केस वाळूच्या पाटीनं गेले त्या मागं उन्हात बसून टाळ्या वाजवत होत्या.

शाळा झाली तशी गावातल्यांना अक्कल आली. ज्याच्या हातात चार पैसे, त्यानं पोरं मलकापूरला खोली करून ठेवली, टायच्या शाळेत. माझी लेकही तिकडंच दिलीय, तिची पोरंही टायवालीच. मला 'हाय' म्हणतात. वर शाळेत उरली ती धनगरवाड्यावरची पाच-सहा पोरं. ज्यांच्या नावानं गाव नाक मुरडतं, त्यांच्यामुळंच गावात शाळा आहे.

गेल्या साली वाऱ्यानं एक झड सुटली, खोलीत पाणी झालं. गुरुजी हिला म्हणाले, "आजी, यंदाही खोली भिजली तर शाळा खालच्या गावात नेणार. साहेब तसं बोललेत." खालच्या गावाला जायचं तर मधे ओढा. पावसात तो मोठ्या माणसाला सोडत नाही, पोरांना काय सोडणार. म्हणजे पोरं पुन्हा शेळ्यांमागं. हिनं ते मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून माझ्या मागं टुमणं: गवत कापा, कामट्या काढा.

त्यात ही जायच्या आठवडाभर आधी, शाळा बांधून देणाऱ्यांतली शहरातली मॅडम आली. शाळेच्या भिंतीवर बाहेरून तिनं नवं चित्र काढून घेतलं होतं. पेन्सिलीवर बसून पोरं आभाळात चाललीत. मॅडम म्हणाली, "आजी, यंदा ते गवत नका ना लावू. चित्र झाकलं जातं. आमचे पाहुणे येणार आहेत."

"बाई, चित्र भिजलं तर परत काढता येतंय," ही म्हणाली. "पोरं भिजली तर शाळंत येत न्हाईत."

मॅडम हसली. "किती गोड बोलतात!" म्हणाली आणि हिचाच फोटो काढायला लागली. ही तोंड फिरवून घरी आली.

फोटोचं सांगायचं राहिलं. ही गेली त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत पेटवली. रात्री लेक हार घालायला फोटो शोधायला लागली. घरात एकच, मॅडमच्या लोकांनी वाटलेल्या कॅलेंडरवरचा. डोक्यावर वाळूची पाटी, आणि खाली छापलंय की हे कष्टातलं हसू. ती हसत नव्हती. दात खात होती. लेकीनं तोच भिंतीला टेकवला, आणि भावकीतल्या बायका म्हणाल्या, किती हसरी होती बाई. मी पाठ फिरवली आणि पडून राहिलो.

सकाळी दुसरी झड खांद्यावर टाकली आणि निघालो. माझा चुलतभाऊ मागं धावत आला. पंचवीस वर्षांत शाळेच्या वाटेला गेला नव्हता.

"आरं, सुतक हाय तुला! अजून राख सावडायची हाय. सुतकात शाळंला शिवतुस व्हय? शाळा इटाळंल की!"

"इटाळू दे. इटाळली म्हंजे तुमी कुणी येणार न्हाई. तसं बी येत न्हाईसा."

"लोकं काय म्हंतील गड्या?"

"लोकास्नी सांग, एकजण आत हुबा ऱ्हावा. सुतळी धराया माणूस पायजे."

तो पारापर्यंत मागं आला आणि तिथंच बसला. बसायची सवय.

मी झड भिंतीला टेकवली, गुडघ्यानं दाबली. पेन्सिलीवरची पोरं झाकली गेली. गजांतून सुतळी आत सारली आणि सवयीनं बोललो, "धर." मग फिरून दारातून आत गेलो, सुतळी गजाला वेढली, बाहेर सारली, पुन्हा फिरून बाहेर आलो, ओढली. असं प्रत्येक गाठीला. दोघांचं अर्ध्या तासाचं काम, ऊन डोक्यावर आलं. शेजारच्या खिडकीवर तिनं आदल्या दिवशी घातलेले वेढे होते, एकसारखे. माझे वेडेवाकडे आले. पण ओढून बघितले, घट्ट होते.

दाराला कडी लावली आणि घरी आलो. सुतकात आमची चूल बंद, शेजारणीनं चहा आणला होता. नुसता साखरेचा पाक. प्यालो.