आप्पांचं भाषण आणि सुनंदाची सही

मंगळवारी सकाळी साडेअकराला उल्हासनगरच्या नोंदणी कार्यालयात माझ्या पत्नीने, सुनंदाने, सोनिवलीच्या वडिलोपार्जित शेतीवरचा हक्क भावांना सोडून दिला. मोबदला निरंक. हजर आम्ही दोघं, तिचे दोन भाऊ, वडील आप्पा आणि आप्पांचे कार्यकर्ते. आप्पांशी झालेली माझी ती शेवटची भेट. महिन्याभरात ते गेले.

आप्पा भातशेती करता करता सरपंच झाले, मग नगरसेवक. जुन्या वळणाचा माणूस. हळदीच्या मांडवात दारू दिसली की न जेवता उठत. गटाराच्या कामात त्यांनी टक्का घेतला असं विरोधकही म्हणाले नाहीत. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा सासूबाई निवडून आल्या. सह्या त्यांच्या, सभा आप्पांच्या. यावरून मी एकदा चेष्टा केली, तर म्हणाले, "जावईबापू, तुमचा पगार कोणाच्या हातात असतो? मग गप बसा."

त्यांचं एक भाषण मात्र सगळ्यांना पाठ होतं. बिल्डर आले, जमिनीला भाव आला, बहिणी हिस्सा मागू लागल्या, तेव्हापासून ते लग्नालग्नात सांगत: लेकीने साडी घ्यावी, सातबारा भावाला सोडावा, म्हणजे माहेर राहतं. भाऊमंडळी टाळ्या वाजवत. मतंही त्यावर मिळाली.

आनंदनगर एमआयडीसीतली मी नोकरी करत होतो ती कंपनी बंद पडली आणि शिरगावच्या भाड्याच्या खोलीत आमचं घर सुनंदाच्या शिवणकामावर आलं. आप्पांनी ते पाहिलं होतं. सहीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला एकट्याला बोलावलं. म्हणाले, "तिला सही करू देऊ नका. पण मी सांगितलं असं बोलू नका."

मी हिशेबाचा माणूस, पण हा हिशेब मला जमेना. अडवलं तर लालची जावई, गप्प बसलो तर तिचं नुकसान. शेवटी सुनंदाला सगळं सांगितलं. मशीन थांबवून ती म्हणाली, "आप्पा स्वतःच्या तोंडाने बोलले तर नाही करणार."

कार्यालयात सही करण्याआधी तिने वळून विचारलं, "आप्पा, करू?" भाऊ बघत होते, कार्यकर्ते बघत होते. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं माईकवर जे बोलले, त्यातून बाहेर पडायला त्यांना वाटच नव्हती...

"कर, बाय," ते म्हणाले.

तिने केली. रिक्षात चढताना आप्पांनी आधाराला माझा हात धरला.

बाराव्याला भावांनी रिवाजाप्रमाणे तिला साडी दिली. तिने ती शेजारी बसलेल्या आत्यापुढे, आप्पांच्या धाकट्या बहिणीपुढे धरली. आत्याही तरुणपणी अशीच सही करून सासरी परतलेली. ती म्हणाली, "मना एक मिललीय. बास झाली."

ओटीवर आप्पांचा झोपाळा आहे. रोज सकाळी लोकांची गाऱ्हाणी ते तिथेच ऐकत. सुनंदाने घडी न मोडता साडी त्यावर ठेवली आणि आम्ही निघालो. परवा गेलो तर तशीच होती. वहिन्या साडीला हात लावत नाहीत, झोपाळ्यावर कोणी बसत नाही. भावांनी दिलं ते एवढंच, आणि तेही अजून कोणी घेतलेलं नाही.