ललितच्या तुलेचा गूळ

अंगणवाडीच्या झुंबरबाई सातवी शिकलेल्या, आवाजानं बारीक, पण हट्टाला रावेर तालुक्यात त्यांना जोड नव्हती. लीलाधर आबांना हे फार आधी कळलं होतं. त्यांचा नातू ललित सातव्या महिन्यातच जन्मला, मुठीएवढा. घरच्यांनी आशा सोडली. झुंबरबाईंनी मात्र दोन महिने भर उन्हात रोज येऊन पोराला आईच्या छातीशी उबेत ठेवायला लावलं, थेंब थेंब दूध पाजायला शिकवलं. पोर जगलं. तेव्हाच आबा देवीला नवस बोलले: सात वर्षांचा होईपर्यंत दरसाल पोराच्या वजनाएवढ्या गुळानं त्याची तुला.

तिथंच घोळ झाला. तुलेचा गूळ गावभर वाटायचा, तो कमी कसा पडू द्यायचा? चैत्र जवळ आला की घरात ललितला भरवायची नुसती झुंबड उडे. शिरा, शेव, तुपात परतलेली केळी. पारडं जितकं जड, तितकी आबांची मान ताठ. झुंबरबाईंच्या वजनाच्या तक्त्यावर कमी वजनासाठी लाल पट्टा होता, जास्तीसाठी रंगच नव्हता. ललितचा ठिपका कागदाच्या वर निघून गेला, तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबांनी उलट शाबासकी दिली. पोरगं मात्र पाटावरून उठताना गुडघे धरायचं, चार पावलं पळालं की धापा टाकायचं.

१९९४ सालची तुला सहावी. एका पारड्यात ललित, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. पस्तीस किलोला दांडी सरळ झाली आणि देवळात टाळ्या पडल्या. तेवढ्यात झुंबरबाई पुढे आल्या. त्यांनी वीस किलो गूळ बाजूला काढला आणि उरलेला आबांच्या उपरण्यात बांधला.

"आबा, एवढ्याशा पोराले वीस किलो बस झालं. हे वरचं पंधरा किलो तुमी पोटाले बांधा. दिवस मावळेपर्यंत खाली ठेवायचं नही."

लोक हसले, आबाही हसले. केळीचे घड वाहण्यात त्यांचा जन्म गेला होता. "बांधा बाई," ते म्हणाले.

घरी येईस्तोवर हसू टिकलं. जेवताना गूळ ताटाला अडला. जोडे घालायला वाकता येईना, ओट्यावरून उठायला खांबाचा आधार लागला. दुपारी आडवे झाले, तर कूस बदलता येईना आणि श्वास अर्ध्यावरच थांबे. घड निदान बांधावर उतरवता येतो! आबांना दरदरून घाम फुटला. लाडानं आपण पोराच्या अंगावर काय बांधलं, ते त्यांना आता कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वाजता त्यांनी गाठ सोडली. देवळातून सोबत आलेल्या झुंबरबाई ओट्यावर बसूनच होत्या. आबा त्यांच्याकडे बघतच राहिले. याच पोराच्या गुंजभर वजनासाठी जी बाई जीव टाकत होती, तीच आज भरल्या देवळात ते उतरवायला उभी राहिली. एवढी छाती हिच्यात येते कुठून?

ललित जवळ आला. आबांच्या मोकळ्या पोटावरून हात फिरवत म्हणाला, "आबा, मले बी माझं खाली ठेवता येईन का?"

आबांनी त्याला जवळ घेतलं. झुंबरबाईच म्हणाल्या, "येईन ना, बाप्पा. पन तुले एकट्याले नही. घरच्या साऱ्याइले मिळून."

आबा उठले, नातवाचं बोट धरलं आणि केळीच्या बागेकडे चालायला लागले.

पुढच्या चैत्रात शेवटची तुला झाली. ललित चार बोटं उंच झाला होता आणि पारड्यातून उडी मारून उतरला. गूळ काही वाढला नाही म्हणून गाव गप्प राहिलं. टाळ्या एकट्या आबांनी वाजवल्या, झुंबरबाईंकडे बघत.