सुविधानं मोकळा सोडलेला रकाना

निपाणीत सुविधाला कुणी विचारलं, पोरी तू काय काम करतेस, तर ती सांगायची, पडद्यावर चित्र उमटवणारी चिप असते ना, तिच्याशी बाकीच्या प्रोग्रामांनी कसं बोलायचं ते मी ठरवते. ऐकणारा "असं व्हय" म्हणायचा आणि पावसापाण्याचं काढायचा. जन्मभर विड्या वळून तिला इंजिनिअर केलेली आई, शालूबाई, एवढंच धरून होती, की पोरगी कचेरीतल्यासारखा एक अर्ज बनवते. प्रोग्रामानं रकाने भरून द्यायचे, आतल्या ड्रायव्हर नावाच्या, सुविधानंच सांभाळलेल्या प्रोग्रामानं ते वाचून चिपला कामाला लावायचं. समज काही चुकीची नव्हती.

सहा वर्षांमागं सुविधानं त्या अर्जात एक रकाना पुढच्या गरजेला मोकळा सोडला. खाली लिहिलं, इथं शून्य ठेवा. पण कुणी ठेवतंय का, हे बघायची ओळ लिहायची राहून गेली. यंदा नव्या चिपसाठी तिनं तो रकाना वापरात घेतला, आणि तिसऱ्या दिवशी तक्रार आली. दवाखान्यांत एक्स-रे दाखवणारा एक जुना प्रोग्राम नुसता काळा पडदा दाखवत होता. तो पहिल्यापासून त्या रकान्यात काहीबाही कचरा भरत आला होता, आणि ड्रायव्हर न बघता निमूट घेत आला होता; आता तो तोच कचरा हुकूम म्हणून वाचू लागला.

बेळगावातून साहेबाचा, नागेंद्रचा फोन आला. आपण लिहून दिलं होतं, चूक त्यांची आहे, बदल मागं घेऊ नकोस. घेतलास तर ड्रायव्हरच्या या खेपेत नव्या चिपची सोय जात नाही, आणि तुझ्याकडचा ड्रायव्हर दुसऱ्याच्या हाती द्यावा लागेल. सुविधा हूं हूं करत राहिली. आता रडू येईल असं तिला वाटलं. तेही आलं नाही. ती स्वयंपाकघरात आईजवळ येऊन बसली आणि झालं ते सांगितलं.

शालूबाई विडीची पानं कातरत होती. ऐकून घेतलं सगळं, कात्री थांबवली नाही.

"विड्या घेतानाच कारखान्यातल्या चेकरनं छाट, म्हंजे वंगाळ विड्या, बाजूला काढायची असती. त्यानं न बघता सा वर्सं घेतल्या, आन एक दिस समद्या फेकल्या, तर चुकलं कुणाचं गं?"

"त्याचं."

"आन उपाशी कोण?"

"वळणारी."

"मग तू कोण, चेकर का वळणारी?"

सुविधानं पुढ्यातलं कातरलेलं एक पान उचललं आणि उलटंसुलटं करून बघितलं.

"म्हंजे चेकरच. लई शिकवलं म्हणायचं."

दुपारी सुविधानं बदल मागं घेतला. या कामातले देशोदेशीचे लोक वाचतात त्या ई-मेलच्या यादीवर लिहिलं: तपासायचं माझ्याकडून राहिलं. हा रकाना आता कधीच वापरता येणार नाही, कचऱ्यासकट तसाच चालवायचा. नव्या चिपला वेगळा अर्ज, आणि त्यात मोकळ्या जागी काही दिसलं की अर्ज पहिल्याच दिवशी परत.

संध्याकाळी नागेंद्रचं दोन ओळींचं उत्तर आलं. नवा अर्ज मान्य. ड्रायव्हर सोमवारपासून आपल्या गटातल्या तेजस्वीकडं.

सुविधानं ते दोनदा वाचलं. मग तेजस्वीसाठी लिहायला बसली, कुठला जुना प्रोग्राम ड्रायव्हरच्या कुठल्या खोडीवर टेकून उभा आहे ते. आई तीनदा जेवायला बोलावून गेली. अकरा पानं झाली. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. बारावं पान घेतलं.