ब्रेकर बंद पडला ती दुपार

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी मुंबईत मरोळला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या पाडकामावर पोकलेन चालवत होतो. पुढच्या हाताला बादलीऐवजी ब्रेकर लावलेला, म्हणजे हायड्रॉलिक तेलाच्या दाबाने आपटणारी, मांडीएवढी जाड छिन्नी. तोवर आमच्याकडे स्लॅब घणाने फुटायचे. ब्रेकर आला आणि घणवाले कमी झाले, पण माझा मेहुणा टिकला. बायकोचा धाकटा भाऊ. मी फोडायचो, तो मागून गॅसने सळया कापायचा. मालवणहून त्याला मीच बोलावून घेतलं होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद होतं. तो जिन्याखाली सावलीला डबा घेऊन बसला, आणि कोणी हात न लावता वरचा स्लॅब तुळईसकट खाली आला. धूळ बसली तेव्हा आतून ओरडणं ऐकू आलं, "भावोजी, माझो पाय!"

बंबवाले आले. त्यांनी जॅक लावले, पण खाली नुसता भुगा. स्लॅब उचलायचा सोडून जॅकच रुतत गेले. त्यांचा साहेब मला म्हणाला, "तुळई त्या टोकाला फोडलीस तर वजन उतरेल. पण हादऱ्याने खाली बसली तर..."

मी फटीशी आडवा झालो. आत एक हात आणि धुळीने पांढरे झालेले केस, एवढंच दिसत होतं.

"मशीन लावू काय रे?"

"लावा. मी बोंबललंय तरी थांबवू नकात. माका हयसून काढा."

वर चढलो. मशीनचा रोजचा दांडा हातात घेतला. थोडं मारायचो, थांबायचो. बंबवाला फटीत डोकं घालून बघायचा आणि हात वर करायचा. जिवंत आहे. पुन्हा मारायचो. तुळईला चीर गेली आणि तेवढ्यात ब्रेकरचा होस, म्हणजे तेलाची रबरी नळी, फुटला. गरम तेल काचेवर उडालं. छिन्नी जागच्या जागी थंड.

वाट लागली. नवा होस साकीनाक्यालाच मिळणार होता. मुकादम फुटलेला होस मापाला घेऊन रिक्षाने पळाला. मागे आम्ही घण उचलले. तेलाने माझ्या हातातून दांडा निसटत होता आणि तुळईचे नुसते टवके उडत होते.

बायकोला कोणीतरी कळवलं होतं. ती धावत आली.

"बोलताहा ना तो?"

"बोलता."

बोलत होता, पण आता मधूनमधूनच. ती फटीशी बसली आणि गावच्या, आईच्या, काहीबाही गोष्टी त्याला सांगत सुटली. हळूहळू त्याची उत्तरं बंद झाली. तरी ती बोलत राहिली, फक्त आवाज चढत गेला. मला वाटलं, ही आता एका मेलेल्या माणसाशी बोलतेय. तिच्याकडे बघायचं मी टाळलं आणि घण मारत राहिलो.

मुकादम परतला. होस बसवला, तेल ओतलं. बायको फटीपासून हलेना. दोघांनी तिला उचलून बाजूला नेलं. आता आतून कोणी हो-नाही सांगणार नव्हतं. मी दांडा ओढला तो तुळई तुटेपर्यंत सोडला नाही. स्लॅब पलीकडे कलला, जॅक टिकले आणि बंबवाल्यांनी त्याला ओढून काढलं. श्वास होता.

पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला. हॉस्पिटलातून तो आमच्याच खोलीत आला. कामावर मी परत त्याच जागी गेलो होतो, घर त्यावरच चालत होतं. संध्याकाळी तो विचारायचा, "आज काय फोडलात?"

मी सांगायचो. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. दिवाळी झाल्यावर मेहुणा कुबड्या घेऊन गावी गेला, तो मुंबईला पुन्हा आला नाही.